खालच्या कपाटातली पुस्तकं

१२ नोव्हेंबर
वा. झा. (म्हणजे वाचून झालं): होडीवालं. नाव लांबलचक आहे, लिहीत बसत नाही. नदीकाठचा मुलगा, त्याची शेळी आणि एक मोडकी होडी. दुसऱ्या पानावर आई पुरात जाते. तिसऱ्या पानावर मुलगा होडी दुरुस्त करायला घेतो. मधे काहीच नाही. दवाखाना नाही, दाखला नाही, भेटायला येऊन चहा पिऊन जाणारी माणसं नाहीत.
आवडलं का ते सांगता येत नाही. पण संपलं. सप्टेंबरपासून पहिल्यांदाच काहीतरी शेवटपर्यंत वाचलं. पेपरसुद्धा अर्ध्यात ठेवते मी हल्ली.
पुस्तक यशूचं. कॉटवर उपडं पडलं होतं म्हणून उचललं.

१५ नोव्हेंबर
यशू (इथून पुढं नुसतं य.) अक्काची मुलगी, आठवीत. अक्का माझी थोरली बहीण. सप्टेंबरात तापानं गेली. दाजी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत फाउंड्रीला, आठवड्याआड रात्रपाळी. तेरा वर्षांची पोर घरात एकटी कशी ठेवायची, हे जलदानाच्या दिवशी, तिचा विधी झाल्यावर, सगळे बसून बोलत होते. आई कोडोलीला दादाकडं, तिचं तिलाच होत नाही. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. लग्न नाही, कसबा बावड्यात दोन खोल्यांचा फ्लॅट, लॅबमधली दिवसाची नोकरी. मी बरं म्हणाले.
त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होते.
य. फारसं बोलत नाही. जेवते. न सांगता भांडी घासते. वाचते.

२१ नोव्हें.
वा. झा.: कुलपाची मावशी. अनाथ मुलगी, मावशीकडं राहते, मावशी तांदळाच्या डब्याला कुलूप घालते. शेवटी मुलगी पळून जाते आणि सर्कशीत घोडेस्वार होते.
ओट्यावर भाजी चिरताना य.ला विचारलं, मावश्या अशाच का असतात गं पुस्तकात. तिनं खरंच विचार केला. म्हणाली, "तशाच लागतात. मावशी चांगली असली तर पोरगी घरातनं भाईर कशाला पडंल?"
मग माझ्याकडं बघून म्हणाली, तू वाचलंस व्हय ते.
व्हय म्हणाले. एवढंच. पण आठवड्यातलं सगळ्यात लांब बोलणं.

३० नोव्हें.
लॅब सुटल्यावर वाचनालयात गेले. नसीमाबाई म्हणून तिथल्या ग्रंथपाल आहेत, उंच, चष्मा दोरीनं गळ्यात. मी खालच्या कपाटापुढं बसले तर म्हणाल्या, मॅडम, तुमचं वर. खाली पोरांचं हाय. मी म्हणाले मला खालचंच पाहिजे. घरात लहान हाय का, विचारलं. तेरा वर्षांची आहे. मग तिला घिऊन या की. ती येते, म्हटलं, माझ्यासाठी पाहिजेत.
दोरीचा चष्मा डोळ्यावर चढवून नीट बघितलं मला. मग स्वतःच दोन काढून दिली. "ह्यात कोण मरत न्हाय," म्हणाल्या.
मी तर काहीच सांगितलं नव्हतं त्यांना.

९ डिसेंबर
न मरणारी दोन्ही वा. झा. एकात जुळे भाऊ आणि चोरीला गेलेली सायकल. दुसऱ्यात डोंगरातली शाळा, एकच मास्तर, सात पोरं. दुसरं बरं होतं. मास्तर पोरांना नकाशे काढायला शिकवतो, प्रत्येकानं आपल्या घरापासून शाळेपर्यंतचा काढायचा. एक पोरगी रस्त्यात तिला जिथं जिथं भीती वाटते तिथं ठिपका काढते. एवढंच लक्षात राहिलं.
आज लक्षात आलं, य. पुस्तक हातात घेतल्यावर आधी शेवटचं पान वाचते. मग पहिलं. का म्हणून विचारलं.
"कोण जित्तं हाय ते बघून घेतो आधी."
ती घेतो, जातो, आलो असंच बोलते. आपल्याकडं बायका बोलतात तसं. अक्का बोलायची तसं. मी नोकरी लागल्यावर घेते, जाते म्हणायला लागले, तेव्हा अक्का हसायची मला. बावड्याची बामीण म्हणायची.
हे लिहिताना काही झालं नाही. लिहिलं फक्त.

१८ डिसें.
आज लॅबमध्ये गर्दी. मशीनमधून प्लेटलेटचे रिपोर्ट काढत होते. अक्काचाही मीच काढला होता. दवाखान्यातून सँपल आमच्याकडंच यायची. प्रिंटरमधून कागद आला तो गरम होता. आकडा वाचला, सही करायला सरांकडं ठेवला, पुढचं सँपल लावलं. त्यानंतर दाजींना फोन केला. सगळं ओळीनं केलं. अजून तसंच ओळीनं चाललंय.
लॅबमधली बाई म्हणते रड एकदा मोकळेपणानं. प्रयत्न केला होता. मोरीत नळ सोडून बसले. थंडी वाजली, उठले.
वा.: काही नाही.

४ जानेवारी
वा. झा.: मंगळवालं. वडील मंगळावर कामाला, मुलगी पृथ्वीवर. दोघं बोलतात, पण बोललेलं पोचायला वेळ लागतो. ती रडून, जेवून, अभ्यासाला बसते आणि तेव्हा त्याचं 'काय झालं बाळा' येतं. य.ला हे फार आवडलंय, दोनदा वाचलं. एका रविवाराआड दाजी मोटरसायकलवरून केळी घेऊन येतात, दोघं गॅलरीत बसतात. दाजी विचारतात शाळा कशी हाय. ती सांगते बरी हाय. मग केळी खातात. दोघांचं एकमेकांवर काही कमी नाही. पोचत नाही एवढंच.
मी कुठल्या ग्रहावर, ते ठरवलेलं नाही.

२२ जाने.
दाजी आज रविवार नसताना आले. य. शाळेतून आली होती, आतल्या खोलीत. चहा केला. अर्धा कप पिऊन म्हणाले, घरचे मागं लागल्यात. निपाणीकडची एक बाई आहे, शोभा नाव. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, शिवणकाम करते. विहारात साधंच करायचं म्हणतात, उन्हाळ्यात. फाउंड्रीत आता दिवसपाळी मागितली आहे. जूनपासून य.ला कागलला न्यायचं म्हणतात.
"पोरगी माझी हाय, सुनंदा. तुला तरी किती दिस तरास द्यायचा."
त्यांनी परवानगी मागितल्यासारखं विचारलं. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. अक्काचं दुखणं काढताना पायातली चप्पल कुठं राहिली हेही ज्यांना कळलं नव्हतं ते हे दाजी.
मी म्हणाले पोरीच्या सोयीचं बघा. वाक्य तयारच होतं तोंडात.

२३ जाने.
य.नं आतून सगळं ऐकलेलं. सकाळी वेणी घालताना आरशातून म्हणाली, मावशी, तुला काय वाटतंय?
इथली शाळा बरी आहे, नववी महत्त्वाची असते, असं काहीतरी मी बोलले.
"शाळंचं न्हाय इचारलं. तुला मी पायजे का?"
मी म्हणाले, मला माहीत नाही गं.
तिनं मान हलवली. रिबीन स्वतःच बांधली. खोटं बोलायला पाहिजे होतं असं आता वाटतंय. वाटतंय म्हणजे डोक्याला कळतंय. खरंच माहीत नव्हतं. आत हात घालून चाचपलं तर काही लागतच नव्हतं.

६ फेब्रुवारी
वा. झा.: मोठ्या पोरींचं. नसीमाबाई द्यायला तयार नव्हत्या य.च्या कार्डावर. "ह्ये थोडं मोठं हाय. तुमी आधी वाचा मग तिला द्या." एक सोळा वर्षांची मुलगी, घरात भाऊ बुडून मेलेला, घरातले सगळे तिच्याशी गोड वागतात आणि ती गावातल्या पोरांबरोबर उलटसुलट भटकते. शेवटपर्यंत ती चांगली होत नाही. कुणी तिला समजावूनही सांगत नाही. मला बरं वाटलं वाचून. किती दिवसांनी.
दिलं य.ला.

१० फेब्रु.
य.नं पुस्तक आपटलं. पहिल्यांदाच आवाज चढलेला ऐकला. ह्या पोरीला आई आहे तरी आईशी अशी काय वागते म्हणाली. मी म्हणाले आई आहे, पण आई भावाच्याच खोलीत बसून असते ना, हिच्याकडं कुठं बघते. य. म्हणाली मग हिनं जाऊन सांगायचं की. सांगितलं असतं तर बघितलं असतं का, मी विचारलं. तर म्हणाली, बघितलं नसतं तरी सांगायचं.
बोलण्याच्या नादात भात करपला. खरवडून खाल्ला.
जानेवारीपासून ती माझ्याशी एवढंही बोलत नव्हती.

१ मार्च
वा. झा.: चार, सगळी बारकी. नावं घालत नाही. एक भुताचं होतं, भूत चांगलं निघालं. हल्ली सगळी भुतं चांगली निघतात.
य.ची परीक्षा जवळ आली, तिनं वाचनालय बंद केलंय. मी एकटीच जाते. नसीमाबाई आता न विचारता काढून ठेवतात. त्यांचा नातू नेहमी खुर्चीखाली झोपलेला असतो. काल म्हणाल्या, मीही आमच्या थोरल्याला जाऊन वर्ष होईस्तोवर हीच वाचत होतो, मोठ्यांची वाक्यं लई लांब असत्यात, मध्यावर दम लागतुया.
कुठला थोरला, ते विचारलं नाही. त्यांनी पुस्तकावर शिक्का मारला.

१९ मार्च
लॅबमध्ये एक चार-पाच वर्षांची पोरगी. हात द्यायला तयार नाही, किंचाळून लॅब डोक्यावर घेतलेली. बाप रागवायला लागला. मी त्याला बाहेर बसायला सांगितलं, आणि तिला परवाच्या पुस्तकातल्या अस्वलाची गोष्ट सांगायला लागले. थंडीत सगळी अस्वलं झोपतात, हे एक झोपत नाही, कारण ह्याला वाटतं आपण झोपलो तर जंगलाकडं कोण बघणार. ससा सांगून बघतो, घुबड सांगून बघतं. शेवटी एक खारूताई येते आणि म्हणते, तू झोप, मी बघते, मला तसंही थोडंच झोपायचं असतं. सुई आत गेली, बाहेर आली, पोरीला कळलं नाही. "मंग झोपलं?" तिनं विचारलं.
माझा आवाजच येईना. कापसाचा बोळा तिच्या हातावर दाबून धरला आणि मान हलवली. सँपलवर नाव चुकीचं घातलं. दुसरं लेबल लावलं.
घरी आल्यावर य.ला सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं.

१४ एप्रिल
सकाळी दोघी विहारात गेलो, वंदनेला. गर्दी, पांढरे कपडे, सरबत. य.नं अक्काची साडी नेसली होती, खाली टाके घालून आखूड केलेली. बायका तिच्या तोंडावरून हात फिरवत होत्या, आईवर गेलीय म्हणत होत्या. तिनं सगळ्यांना फिरवू दिला.
येताना म्हणाली, पेपर संपलं की मी कागलला जातो. पप्पांच्या लग्नाच्या आधी घर आवरायला पाहिजे. आईचं सामान दुसऱ्या कुणी आवरायच्या आधी मी आवरतो.
मी येऊ का म्हणून विचारलं. नको म्हणाली. मग थोडं पुढं जाऊन, ये हवं तर एक दिवस.

२७ एप्रिल
गेली. एक बॅग, दोन पिशव्या. दप्तर इथंच ठेवलंय, मुद्दाम का विसरून, कळत नाही. विचारलं नाही.
वा.: काहीही लागत नाही. तेच पान तीनदा.

५ मे
एक दिवस म्हणून कागलला गेले होते. कपाट रिकामं करत होतो. दाजी कामावर. य. साड्या घडी करून तीन ढीग घालत होती: आजीला, मावशीला, मला. नवीन बाईंना काहीच नाही का म्हटलं, तर म्हणाली त्या त्यांच्या घेऊन येतील. रागानं नाही. सरळ.
तळाशी अक्काचं स्वेटर निघालं, अर्धवट विणलेलं, सुया तशाच. य.नं ते कुठल्याच ढिगात घातलं नाही. मांडीवर घेऊन बसली. मी शेजारी बसले. अस्वलाची गोष्ट सांगितली तेव्हा. लॅबमधल्या पोरीचं आणि माझ्या आवाजाचंही. य. म्हणाली, "मंग झोपलं का त्ये?"
शेवटचं पान तू आधी वाचतीस की, मी म्हणाले.
हे न्हाय वाचल्यालं.
झोपलं, म्हटलं.

१८ मे
लग्न विहारात झालं. पंधरा-वीस माणसं. जेवण बरं होतं. शोभा सावळी, बारीक, हात सारखा पदराशी. मी एखाद्या पुस्तकातली सावत्र आई शोधत होते बहुतेक, ती सापडली नाही. माझ्या पाया पडली, मी लहान असून. म्हणाली, "अक्का, तुमी येत जावा."
निपाणीकडं मानानं कुणाही बाईला अक्काच म्हणतात, मला माहीत आहे. तरी हातातला पेला खाली ठेवावा लागला.
य. माझ्या मागं उभी होती. तिनं ऐकलं का, कळलं नाही.

२६ मे
दुपारी शोभाचा फोन. लॅबमधल्या नंबरवर. आधी वाटलं य.ला काही झालं. नाही. म्हणाली, अक्का, पोरगी चांगली हाय, काम करती, उलटं बोलत न्हाय. पर काय बोलतच न्हाय. दिवसभर एकच पुस्तक उलटापालटं करती. "मला वाचाय येतंय, पर पुस्तकातलं काय कळत न्हाय. तिला कुठलं आणून देऊ, तुमी सांगा."
पुढं रांग होती. मी म्हणाले करते फोन.
केला नाही अजून. पुस्तकं सांगितली की ती आणून देणार. ती आणून दिली की य. तिथं वाचायला लागणार. तिथं वाचायला लागली की राहणार. एवढं साधं गणित, आणि मला राग आला. शोभावर नाही, दाजींवर नाही. कुणावर ते कळलं नाही, पण आला. हात गरम झाले.

२७ मे
केला फोन. वेगळीच सांगितली. आम्ही दोघींनी वाचलेली नाही एकही. नसीमाबाईंनी सुचवलेली, नवीन आलेली. शोभा लिहून घेत होती, मधे मधे थांबवत होती, जोडाक्षरं विचारत होती. कागलच्या वाचनालयात तिनं स्वतःच्या नावानं कार्ड काढलंय म्हणे. बालविभागाचं द्या म्हटलं तर तिथला माणूस हसला. मी म्हणाले, हसू दे.

७ जून
आज गेले. दाजी पहिल्या पाळीला गेले होते. शोभानं दारातच तोंडभरून हसून आत घेतलं आणि भजी तळायला गेली. य. उंच झाल्यासारखी वाटली. टेबलावर दोन पुस्तकं, त्यातल्या एकात पानात खूण. म्हणजे वाचतेय.
शाळा पुढच्या आठवड्यात. दोन्हीकडं प्रवेश मिळेल असं चौकशी करून आले होते. अंगणात बसलो. मी पाठ करून आलेलं विसरले. मग म्हटलं, यशू, जानेवारीत तू विचारलं होतंस. मला तू पाहिजेस.
ती माझ्याकडं बघायला लागली.
"आत्ता सांगतीस व्हय?"
"आत्ता कळलं."
आत कढईवर झाऱ्याचा आवाज येत होता तो थांबला. मग परत सुरू झाला, जरा जोरात.
"मी हितं राहिलो तर तुला वाईट वाटंल?"
"व्हय."
"आणि तिकडं आलो तर पप्पांना वाटंल. ह्यांनापण वाटंल." ह्यांना म्हणजे शोभाला. आतून भज्यांचा वास येत होता.
वाटंल, मी म्हणाले.
ती पायानं मातीत रेघ ओढायला लागली. मला वाटलं आता रडेल किंवा भांडेल. मीच रडले. साधं, आवाज न करता, नाक वाहून. तिनं ओढणीचं टोक दिलं पुसायला. म्हणाली, मी रविवारी फोन करून सांगतो.
भजी खाल्ली. शोभानं डबा भरून दिला.
बसला गर्दी होती, उभ्यानं आले. नवीन चप्पल चावली, टाचेला मोठा फोड आलाय. चांगलाच ठणकतोय.
वा.: काही नाही. रविवार परवा.